मेलेली माणसं ओळख दाखवत नाहीत

मी, खाली सही करणारी, चित्रपटगृहाच्या तिकीट-खिडकीवरून निवृत्त झालेली, एका सिनेमा ऑपरेटरची विधवा आणि एका गाजलेल्या मालिकालेखकाची आई, हे मृत्युपत्र स्वखुशीने, पूर्ण शुद्धीत आणि चष्मा लावून करत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणायला घरात कोणी राहतच नाही. मला विसरण्याचा आजार जडला आहे. तो अजून दाराबाहेर आहे, असं डॉक्टरांनी तपासून वेगळ्या कागदावर लिहून दिलं आहे. माझ्या यजमानांनाही हाच होता. नवरा-बायकोची एवढी एकी आयुष्यात दुसऱ्या कशात झाली नाही.

कलम १. माझं दोन खोल्यांचं राहतं घर, भांड्याकुंड्यांसह आणि गळक्या नळासह, माझ्या पश्चात खालच्या मजल्यावरच्या शिवणवालीला द्यावं. यजमान अंथरुणाला खिळले तेव्हा चादरी बदलायला ती मशीन बंद करून वर यायची. माझा मुलगा करतो ती मालिका तिला फार आवडते, प्रत्येक भागाला नाक पुसत बसते. हा दोष मी पोटात घातला आहे. बँकेत माझ्या आजारपणातून काही उरलं तर तेही तिचंच. चिरंजिवांना घराची गरज नाही. त्यांचं न्हाणीघर आमच्या स्वयंपाकघराहून मोठं आहे. तरीही आपल्याला वगळलं आहे, हे त्यांनी वकिलांच्या तोंडून, खुर्चीवर बसून, ऐकावं अशी माझी इच्छा आहे.

कलम २. कपाटातला भयपटांचा संग्रह, कॅसेटी आणि डिस्क दोन्ही, सार्वजनिक वाचनालयाला द्यावा. हा संग्रह आम्हा दोघांचा. भयपट लागला की मी खिडकी बंद करून वर मशीनच्या खोलीत जायची आणि भिंतीतल्या चौकोनी भोकातून बघायची. यजमान शेजारी रीळ सांभाळत असत. पुढे काय येणार हे त्यांना पाठ असायचं, पण दचकायची जागा त्यांनी मला कधी आधी सांगितली नाही. या एका गुणावर मी त्यांच्याशी लग्न केलं. वाचनालयाला अट एकच: चिरंजिवांची मालिका या संग्रहाच्या फळीवर ठेवायची नाही. अट जाचक वाटली तर सगळं भंगारात घालावं.

कलम ३. हे कलम मिळकतीचं नाही. वकील म्हणाले, "बाई, हे मृत्युपत्रात बसत नाही." मी म्हटलं, "फी घेतलीत ना? बसवा."

त्या मालिकेचं नाव मी या कागदावर येऊ देणार नाही. मेलेली माणसं उठतात आणि जिवंतांना चावत सुटतात, एवढी तिची गोष्ट. पहिलं पर्व चांगलं होतं. एक प्रेत जिन्यात भाजीची पिशवी धरून उभं होतं, पिशवी खाली ठेवायचं त्याला सुचत नव्हतं. ते बघून मी उठून दाराची कडी तपासली आणि चिरंजिवांना फोन करून शाबासकी दिली. दुसऱ्या पर्वात जिवंत माणसं शेकोटीभोवती बसून एकमेकांजवळ मन मोकळं करायला लागली आणि बिचारी प्रेतं कुंपणाबाहेर ताटकळत राहिली. जगातलं पाणी संपलं होतं, पण नायिकेच्या भुवया कोरलेल्या होत्या. तरी मी बघत राहिले. भयपटाचा नाद असलेलं माणूस चिवट असतं, एक तरी दचका मिळेल या आशेवर वाट्टेल ते सोसतं.

तिसऱ्या पर्वात नायकाचा मेलेला बाप उठून आला. मुलाच्या नरड्याला तोंड लावणार, तेवढ्यात मुलाने लहानपणची शीळ वाजवली. बाप थांबला. मुलाच्या गालावरून हात फिरवला. कुजलेल्या डोळ्यातून एक थेंब गळाला. देशभर लोक रडले म्हणे. मी टीव्ही बंद केला.

कलम ४. यजमानांचा राखाडी स्वेटर. हा मी कोणाला देऊ शकत नाही, कारण तो माझ्याकडे नाही. "आठवण म्हणून दे ना आई," असं म्हणून चिरंजीव तो घेऊन गेले होते. मला बरं वाटलं होतं. मग तो मी मालिकेतल्या त्या मेलेल्या बापाच्या अंगात पाहिला. कोपरावरचं रफू माझ्या हाताचं आहे, हजारात ओळखेन. वर लाल रंग ओतला होता. स्वेटर आता कंपनीच्या गोदामात पडून असेल, त्याचा शोध घेऊ नये.

आता जे घडलं ते लिहिते. यजमानांच्या आजारात चिरंजीव एकदा आले. खोलीच्या दारात थांबले आणि शीळ वाजवली. बापलेकांची ती खूण होती, मशीनच्या खोलीतून खाली अंगणात खेळणाऱ्या पोराला बोलवायची. मी तेव्हा यजमानांना भरवत होते. ते चावायचे, म्हणून समोर न बसता बाजूला बसून भरवायचं, हे मी अनुभवाने शिकले होते. शीळ वाजली. यजमानांनी मान वळवली नाही. पुन्हा वाजली. त्यांनी माझं बोट चावलं आणि भिंतीकडे बघत राहिले. चिरंजीव म्हणाले, "मला हे बघवत नाही गं," आणि जिना उतरून गेले. पुन्हा आले ते खांदा द्यायला.

मालिकेच्या त्या भागानंतर मी चिरंजिवांना फोन केला.

"खोटं का दाखवलंस?"

"आई, लोकांना आशा हवी असते गं."

"भयपटात?"

"अगं, सगळे रडले. परीक्षकसुद्धा रडले."

"भ्यायला हवे होते. बाप ओळखत नाही, ही भीती होती. ती तुझ्या हातात आयती आली होती, आणि तू तिला साखर लावलीस."

"मला तेवढंच लिहून मोकळं व्हायचं होतं," तो म्हणाला.

ते मला पटतं. पण मोकळं व्हायचा हक्क खोलीत बसलेल्या माणसाचा असतो. जिना उतरून गेलेल्याचा नसतो. माझा राग गेलेला नाही आणि जाणारही नाही.

कलम ५. त्या भागासाठी मिळालेलं मानचिन्ह चिरंजिवांनी मला आणून दिलं होतं. ते सध्या संडासाचं दार अडवायला वापरते. सूनबाईंनी ते न्यावं, वजनदार आहे. यजमानांचं फिल्म कापायचं आणि जोडायचं यंत्र मात्र चिरंजिवांना द्यावं. जोडता त्यांना छान येतं. कुठे कापायचं, हे त्यांना बापाने शिकवायला हवं होतं.

कलम ६. हे कलम वकिलांनी तुला मोठ्याने वाचून दाखवावं, म्हणून तुलाच उद्देशून लिहिते.

माझा आजार कळल्यापासून तू नेमाने यायला लागलास. माझ्यासाठी फळं आणतोस, माझ्या पायांना तेल लावतोस. मला ते आवडतं, हे नाकारत नाही. पण परवा तू म्हणालास की शेवटच्या पर्वात आईचं पात्र घेतोयस. "ती सगळं विसरते, पण मुलाला विसरत नाही," असं म्हणालास आणि माझा हात हातात घेतलास. मग विचारलंस, "तू मला ओळखशील ना गं, शेवटपर्यंत?"

उत्तर इथे देते.

एक दिवस तू दारात उभा राहून हाक मारशील आणि मी विचारीन, "आपण कोणाकडे आलात?" तू नाव सांगशील. मी म्हणेन, "ते इथे राहत नाहीत." तू रडशील. असं पुन्हा पुन्हा होईल. त्यातल्या काही दिवशी मी तुला खरंच ओळखलेलं नसेल. काही दिवशी पाहताक्षणी ओळखलेलं असेल, सकाळपासून तुझी वाट बघितलेली असेल, आणि तरीही मी विचारीन, "आपण कोणाकडे आलात?"

कोणते दिवस कोणते, हे मी कोणाला सांगणार नाही. हे तू ऐकत असशील तेव्हा मी नसेन.

आता लिही शेवटचं पर्व.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझाच आहे, मी त्यातला एकही शब्द मागे घेत नाही.

सही: (लिहून देणारी)

साक्षीदार पहिले: डॉक्टर. बाई पूर्ण भानावर आहेत. मला याची खात्री आहे, आणि आज ती खात्री नसती तर बरं वाटलं असतं.

साक्षीदार दुसरे: कोपऱ्यावरचे औषधवाले. माझ्यासमोर सही केली. सहावं कलम काढा म्हणून मी हात जोडले, बाई ऐकत नाहीत.

ठिकाण: राहतं घर, स्वयंपाकघर.

दिनांक: वकिलांनी शिक्क्याखाली घातला आहे तो. वार शुक्रवार, हा मी कोणाला न विचारता सांगितला.