दुधाचा दात

१२ नोव्हेंबर १९८८, मुरबे

सामान लागलं एकदाचं. खोली लहान आहे, पण खिडक्या दोन. एकीतून खाडी दिसते, दुसरीतून अंगणात बांबूंवर टांगलेले बोंबील. वासाची हळूहळू सवय होईल असं नामदेव म्हणाले. मला तो पहिल्याच सकाळी आवडला. (नवऱ्याला तोंडाने मी ‘अहो’ म्हणते. वहीत नाव लिहायची चैन करून घेते.)

त्यांना तारापूरच्या कारखान्यात फिटरचं काम मिळालं आणि संगमनेर सोडायला निमित्त झालं. आमच्या चिमीला जाऊन वर्ष झालं. सहा वर्षांची पोर, काविळीने गेली. तिथे दारोदार तिच्या वयाची मुलं दिसत आणि मला पाहून त्यांच्या आया त्यांना आत बोलावत. इथे कुणाला काही माहीत नाही. आज बऱ्याच दिवसांनी मी गुणगुणत भांडी घासली.

घरमालकीण जमुनाबाई एकट्याच राहतात. चिंतू हा त्यांचा एकुलता एक मुलगा. गेल्या वर्षी होडी उलटली, तो सापडलाच नाही. आमची खोली त्याचीच. भाड्याचं बोलण्याआधी त्यांनी हे सांगून टाकलं आणि मग कोलंबीचं कालवण वाढलं. मीही चिमीचं सांगितलं. इथे कुणाला सांगायचं नाही असं ठरवलं होतं, तरी.

२१ नोव्हेंबर

मलाही काम मिळालं! बोईसरला एका लहानशा वर्कशॉपमध्ये पेपरवेट, ट्रॉफ्या, घड्याळाच्या तबकड्या बनवतात. सगळं रेझिनचं. ते मधासारखं दाट असतं. त्यात ते घट्ट करणारा हार्डनर मापून घालायचा, बुडबुडे न येऊ देता सावकाश ढवळायचं, साच्यात ओतायचं. आत शिंपला, वाळलेलं फूल, एखादा छोटा खेकडा. एकदम खोल ओतलं तर ते आपल्याच उष्णतेने तापतं, पिवळं पडतं, तडकतं. म्हणून थरावर थर द्यायचा. पण मालकांनी यंदा संथ जमणारा हार्डनर आणलाय. त्याने एका ओतात वीतभर खोल ठोकळा निघतो. जमायला वेळ घेतो, पण निघतो तो असा की बाजूने पाहिलं तर पाणीच वाटावं. फक्त न हलणारं.

माझ्या पहिल्या ठोकळ्यात सोनचाफा आहे. मालक म्हणाले, हात हलका आहे तुमचा.

४ डिसेंबर

गेल्या आठवड्यात चाफ्याचा ठोकळा जमुनाबाईंना दाखवला. त्या उन्हात धरून बघत राहिल्या. यातलं फूल कधी कुजणार नाही ना, असं विचारलं. नाही म्हटलं. त्या उठल्या आणि आतून चिंतूचा कंगवा घेऊन आल्या. दातांत केस अडकलेले होते. ते तसेच ठेव म्हणाल्या.

मालकांना विचारून ओतला. चांगला खोल. पॉलिश करून हातात दिला तेव्हा त्यांनी तो पदराने पुसला, छातीशी धरला, आणि स्वयंपाकघरात गेल्या. बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

११ डिसेंबर

जमुनाबाई सांगतात, चिंतू येतो.

दुपारी त्या मासळी साफ करायला बसल्या की मागे ओटीवर येऊन बसतो. वळून पाहिलं तर दिसत नाही. ‘आये’ म्हणून हाक मारतो. त्या अजिबात घाबरलेल्या नाहीत. उलट केसांना तेल लावलंय, चेहरा उजळलाय. कालपासून त्याचं ताटही मांडतात.

मी नामदेवना सांगितलं. ते म्हणाले, एकटं माणूस आहे, मनाला वाटत असेल. मलाही तसंच वाटलं असतं. पण त्यांच्या ओटीवर, जिथे तो बसतो म्हणतात तिथे, मी हात लावून पाहिला. फरशी ओली होती. बोट जिभेला लावलं. खारट.

१४ डिसेंबर

चिमीचा पहिला पडलेला दात माझ्यापाशी आहे. तिने तो कौलावर टाकू दिला नव्हता. काड्यापेटीत कापूस घालून त्यावर निजवला होता.

आज तो ओतला. नामदेवना बोलले नाही.

१७ डिसेंबर

आली.

मी तांदूळ निवडत होते. ठोकळा खिडकीत होता. मागून हसली. तेच ते हसणं, पडलेल्या दाताच्या फटीतून वारा गेल्यासारखं. मग म्हणाली, “आई, मी आले.”

मी वळले नाही. जमुनाबाईंनी सांगितलं होतं, वळलं की जातं. ती पाठीला टेकून बसली. वजन लागत होतं. सगळी दुपार मी तेच तांदूळ पुन्हा पुन्हा निवडत राहिले. देवा, मी किती सुखात होते.

२२ डिसेंबर

नामदेवना सांगावं लागलं. मी एकटीच बोलते हे त्यांच्या लक्षात आलं होतं. आधी चिडले. मग ठोकळा हातात घेऊन दाताकडे बघत बसले. म्हणाले, हा दात पडला तेव्हा ती किती रडली होती, आठवतं का.

आठवतं. तिला मात्र आठवत नाही. काल मी ही गोष्ट काढली तर विचारते, कुठला दात?

२६ डिसेंबर

जमुनाबाईंनी कंगव्याचा ठोकळा फोडला.

सकाळी त्या आमच्या दारात येऊन बसल्या. त्यांनी जे सांगितलं ते तसंच लिहिते.

“तो मना वलखीत नव्हता, शैला. इचारायचा, बाय, तू कोन? आन् सारका दम लागायचा त्याला. आत हवा नाय ना. मी माज्या पोराला दुसऱ्यांदा बुडवला.”

त्यांनी ठोकळा दाखवला होता मला परवा. आतल्या बाजूने ओरखडे होते. आत, जिथे कुणाचं नख पोचणार नाही तिथे. कंगव्याचे दात मोडलेले. मी म्हटलं होतं, पॉलिशमध्ये राहिलं असेल. खोटं बोलले.

आज पाट्यावर ठेवून वरवंट्याने फोडला. फुटताना आवाज आला म्हणाल्या, बुडालेला माणूस वर येऊन पहिला श्वास घेतो तसा. मग काही नाही. ओटी कोरडी झाली.

जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला. “तुजी अजून वलखते तुला. तवरच सोड तिला.”

२८ डिसेंबर

उद्या फोडेन.

आज तिने विचारलं, माझं नाव काय. मी सांगितलं. बराच वेळ ते घोळवत राहिली, परक्या मुलीचं असल्यासारखं.

३० डिसेंबर

काल झालं नाही. आज नामदेव हातोडी घेऊन आले. तू बाहेर जा म्हणाले, तुझ्याने बघवणार नाही. मी दाराबाहेर उभी राहिले. हातोडी पडल्याचा आवाज आला. जमिनीवर.

आत गेले. ते भिंतीला टेकून बसले होते, ठोकळा मांडीवर. ती त्यांना ‘बाबा’ म्हणाली होती.

कामावर गेले नाहीत. उद्या, म्हणाले. एकच दिवस.

२ जानेवारी

रोज उद्या म्हणतो आम्ही. दोघंही.

ठोकळ्यात ओरखडे आलेत. दाताभोवती, बारीक, लहान बोटांचे. बोलता बोलता ती थांबते आणि तोंडाने हवा ओढते. मिळत नाही. शेवटी दवाखान्यात —

नाही. ते लिहीत नाही.

४ जानेवारी

नामदेवना ‘काका’ म्हणाली.

ते चप्पल न घालता बाहेर गेले. खाडीवर बसलेत. जमुनाबाई बोलवायला गेल्या, तरी आले नाहीत. तिथूनच निरोप पाठवला — तू फोड, मी नाही —

५ जानेवारी

हाक मारत नाही आता. मीच मारते. ओ देत नाही.

दुपारी पाठीपासून दूर सरकून बसली. मग अगदी हळू —

“बाई, मला जाऊ द्या ना. माझी आई वाट बघत असेल.”

परक्यांना ‘अहो-जाहो’ करायचं. मीच शिकवलं होतं तिला.

६ जानेवारी

ठोकळा पाट्यावर ठेवलाय, वरवंटा हाताशी, वही मांडीवर. जमुनाबाई दाराशी आहेत. पदर तोंडाला लावून उभ्या —

आत खरवडतेय. सारखी. मला इथवर ऐकू —

मारणार आहे मी. नक्की मारणार. फक्त आधी सांगते तिला. अशी परक्या बाईच्या घरातून गेल्यासारखी नको जायला. चिमे, मीच तुझी आई. तू जिच्याकडे जायचं म्हणतेस ती मीच. एकदा ‘हो’ म्हण. म्हटलंस की लगेच —

खरवडणं थांबलं. ऐकतेय. ऐकतेय, की दम संपला —

जमुनाबाई ओरडतायत, मार, आता मार —

थांबा. एकदाच. हो म्हण, बाळा, तेवढं एकदा —