पेज म्हणजे जेवण नव्हे

गडचिरोली, सरकारी दवाखाना
सोमवार, ता. २० नोव्हेंबर २०२३

चि. रंजीता हिस,

बाबाचा जयभीम आणि आशीर्वाद. तू, जावई आणि साक्षी सगळे बरे असाल. चंद्रपुरात थंडी पडली का? आपल्या गावात सकाळी पडते. धान कापून झाला, चुरणं बाकी आहे. गुरुवारी गावात दिवाळीनंतरची जत्रा, आपली मंडई आहे. नाटक ठरलं आहे, कोणतं ते विसरलो.

फोन केला नाही, कारण तोंड उघडत नाही. बहाणा नाही. दातांच्या मधून जेमतेम एक बोट जातं. उजवा गाल कानापासून हनुवटीखालपर्यंत सुजला आहे. तू घाबरू नको. घाबरण्यासारखं आहे असं डॉक्टरीणबाई म्हणतात, पण तू घाबरू नको. मी लिहितो आणि आपल्या गावची आशाताई सरिता याचा फोटो काढून तुझ्या मोबाइलवर पाठवते. मी वाचणार नाही म्हणाली. वाचेल.

दसऱ्यानंतर खालची दाढ ठणकायला लागली. लवंग धरली. मग त्या बाजूला तंबाखूचा खर्रा धरून ठेवला, तेवढ्यापुरतं बधिर व्हायचं. मग चावणंच बंद झालं, तेव्हा पेज सुरू केली. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. नुसती घशाखाली उतरत नाही म्हणून थोडा गूळ. आणि साखरेच्या आजाराची गोळी मी बंद केली. मला वाटलं, गोळी जेवणासाठी असते. जेवणच नाही तर ती पोटात जाऊन काय करेल? मलाच खाईल. आणि पेज काही जेवण नव्हे, ती तर पितात.

बुधवारी सरिता आली, बोट टोचलं. मशीनवर चारशे बारा.

"मुखरूबाबा, मशीन बिगडली का तुमी बिगडले?"

मी म्हणालो, "मी त उपाशी आहो. दहा दिस झाले."

"मंग या गंजात काय आहे?"

"पेज."

"पेज कायची रायते?"

"तांदळाची."

"मंग?"

"मंग काय?"

तिनं कपाळावर हात मारून घेतला. मला अजूनही नीट उलगडा झाला नव्हता.

वडशाला दातवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, साखर एवढी असताना दात काढणं धोक्याचं, आधी ती उतरवा. साखरेच्या डॉक्टरकडे गेलो. तो म्हणाला, दातात पू आहे तोवर साखर उतरणं कठीण. दात म्हणतो साखर आधी, साखर म्हणते दात आधी. मी दोन्ही चिठ्ठ्या हातात घेऊन बसस्टँडवर बसलो. कोणाचं खरं धरावं कळेना. शनिवारी ताप चढला, गिळता येईना, तेव्हा सरितानं धरून इथं आणलं.

इथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दोघंही खरं बोलले बाबा, म्हणूनच भरती केलं. दोन्ही कामं सोबतच करावी लागतील." सलाईन लावली, सुया सुरू केल्या, दर चार तासांनी बोट टोचतात. चारशे बाराची आज दोनशे चाळीस झाली. उद्या अकरा वाजता पू काढणार आणि दाढही काढणार.

मग त्यांनी विचारलं, "गोळी बंद करायला कोणी सांगितलं?"

"कोणीच नाई."

"जेवण सुटलं म्हणून औषध आपल्या मनानं बंद नाही करायचं. आजारात साखर न जेवताही वाढते. आम्हाला विचारायचं, आम्ही कमी-जास्त करून देतो."

मी म्हणालो, "न जेवता वाढते?"

"वाढते."

"पायाला जखम असली तरी?"

"तरी."

"ताप असला, पोटात काहीच नसलं, तरी?"

"तरी. तुम्ही कोणाचं विचारून राह्यले बाबा?"

मी म्हणालो, दाताचं.

रंजीता, मला पुढचं नीट लिहिता येत नाही. तीन कागद फाडले. माझं शिक्षण पाचवीपर्यंत, पण अडचण ती नाही.

तुझ्या आईची साखरेची सुई. घरी फ्रीज नव्हता, म्हणून औषधाची बाटली मी ओल्या फडक्यात गुंडाळून गाडग्यात ठेवायचो. रोज मीच काढून द्यायचो. त्या वर्षी मंडईच्या तोंडावर तिच्या पायाची जखम चिघळली, ताप आला, जेवण सुटलं. त्याच उन्हाळ्यात एकदा सुई घेऊन न जेवता राहिली आणि घामाघूम होऊन ओट्यावर पडली होती, तुला आठवत असेल. तेच माझ्या डोळ्यांपुढे होतं. ती म्हणत होती, "सुई द्या न जी." मी म्हणालो, "जेवत नाईस त सुई कायले? मरशील." तीन दिवस मी गाडगं उघडलं नाही. विचारायला कोणाकडे गेलो नाही. पाहुणे यायचे होते, अंगण सारवत होतो.

चौथ्या दिवशी ती गेली.

तू आलीस आणि अंगणात सगळ्यांसमोर विचारलंस, "आईची सुई कोणं बंद केली?" मी म्हणालो, "तू मंडईले येत नाई म्हणालीस, म्हणून रुसली. तिनंच घेतली नाई." जीभ अशी कशी वळली, मला माहीत नाही. तुझा चेहरा पाहिला. तरी शब्द परत घेतला नाही. तू शिकवतेस त्या शाळेत परीक्षा होत्या, हेही मला माहीत होतं.

तेव्हापासून चार मंडया झाल्या. तू का येत नाहीस ते मी कधी विचारलं नाही, कारण तू सांगितलं असतंस.

ती रुसली नव्हती. जायच्या आदल्या दिवशी मला म्हणाली, "रंजीताची परीक्षा आटपली का येते ते. लाखोळीची दाळ तिच्यासाठी काढून ठेवा." डबा अजून फळीवर आहे. दाळीला कीड लागली असेल, मी उघडून पाहिलं नाही.

सुई दिली असती तर ती वाचली असती का? डॉक्टरीणबाईंना हे विचारायचं होतं. नाही विचारलं.

त्यांनी आज सहीसाठी जवळचं माणूस मागितलं. मी म्हणालो, मुलगी मंडईसाठी येतेच आहे, उद्या सकाळी सही करेल. तेही खोटंच. सरिता सही करते म्हणाली, ते चालतं. म्हणून तू सहीसाठी यावं असं नाही, आणि हे पत्र त्यासाठी नाही. उद्या ते माझं तोंड उघडतील. त्याआधी मी आपलं उघडलं, एवढंच.

साक्षीला गोड पापा. तिला यातलं काही सांगू नको. किंवा सांग. मला समजत नाही.

आईची सुई बंद करणारा,
तुझा बाबा
मुखरू