फुंकणी कुणाच्या हातात

२ जानेवारी १९७६, शुक्रवार

दिनकरचं कार्ड आलं. नेहमीची पहिली ओळ: 'घरातील सर्वांची प्रकृती कशी आहे ते कळवावे.' घरात सर्व म्हणजे मी एकटी. तरी पोरानं विचारलंय, तर म्हटलं सगळ्यांना विचारून घ्यावं. सकाळी एक फेरी मारली.

चंद्री म्हशीच्या पुढच्या गुडघ्याची सूज उतरली, आता लंगडत नाही. लिंबोणीला फुलं आहेत पण पानं मुडपतात. मांजरी पोटुशी, तरी कौलांवर चढते, सांगितलेलं ऐकत नाही. पश्चिमेच्या भिंतीनं ओल धरली होती, ती वाळली. चूल ठणठणीत. वैलाच्या कडेचा टवका गेलाय तेवढाच. माझं म्हणाल तर डाव्या डोळ्यापुढं धुकं, उजवा शाबूत, गुडघे चंद्रीपेक्षा बरे.

कार्डाच्या शेवटी: 'आई, आता एकटी राहू नकोस. डोळ्याचं इथं मिरजेत चांगलं होतं. महिनाअखेर न्यायला येतो.' तीन वर्षं नाही म्हणत होते. काल सुईत दोरा ओवायला अर्धी सकाळ गेली. आज हो लिहून टाकलं. लिहिलं आणि हलकं वाटलं, खोटं कशाला बोलू.

वि. रा.

(वि. रा. म्हणजे विस्तव राखला. रोज लिहिते. पुढंमागं वही कुणाच्या हातात पडली तर कोडं नको.)

५ जाने., सोम.

काय न्यायचं, काय ठेवायचं. न्यायचं थोडंच. पण विस्तव?

लग्न होऊन ह्या गावात आले तेव्हा सासूबाईंनी पहिलं काम दिलं ते हेच. निजायच्या आधी गोवरीचा निखारा राखेत पुरायचा, पहाटे उकरून फुंकायचा. काडेपेटी फक्त देवाच्या दिव्याला. तेव्हापासून ही चूल थंड पडलेली नाही. दिनकरच्या वेळच्या बाळंतपणात शेजारच्या गोदानं राखली. हे गेले तेव्हाही तिनंच.

अक्षरं पण ह्याच चुलीच्या कोळशानं गिरवली. ह्यांची फौजेतली पत्रं पोस्टमन वाचून दाखवायचा. एकदा मधेच थांबला, खाकरला, आणि म्हणाला, "वहिनी, हे आता तुमचं तुमीच वाचा." भिंत काळी करून करून सहा महिन्यांत वाचायला लागले. त्या पत्रात होतं तरी काय! थंडी लय आहे, तुझी आठवण येते. एवढ्याला खाकरला.

दि.कडे गॅस आहे. तिथं विस्तव नेऊन ठेवायचा कुठं? गोदा म्हणाली, "माज्याकडं दे की. निखाऱ्यात निखारा मिसळला, झालं."

"विस्तव जाईल गं तुझ्याकडं. पण ही चूल थंड पडंल, त्याचं काय?"

घराला कुलूप लागलं तरी चालेल, कौलं गळली तरी शाकारता येतील. पण थंड चुलीचं घर मागं टाकून जायचं म्हणजे... बघू.

वि. रा.

९ जाने., शुक्र.

आज वाटप केलं. चंद्रीला कालच गोदाच्या गोठ्यात बांधली. गेली निमूट, मलाच दावं सोडवेना.

दुपारी पाचसहा जणी जमल्या. पाटा-वरवंटा एकीला, रांजण एकीला, घोंगडी पलीकडच्या म्हातारीला. गोदाची थोरली सून कमल कोपऱ्यात बसली होती. तिचे डोळे कायम लाल. गोदाकडं नऊ माणसांची एक चूल, आणि फुंकायला वाकडी, अर्ध्यात चेपलेली लोखंडी नळी. मला दया आली. ह्यांनी फौजेतून सुटून येताना आणलेली पितळी फुंकणी उचलली आणि तिच्या हातात दिली. म्हटलं, "घे गं, लय धूर खातेस."

मग एकजण फिस्सकन हसली, "कमळे, मांड आता येगळी चूल! घरबी मोकळंच हाय."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. सासू समोर बसलेली असताना सुनेच्या हातात फुंकणी. आमच्याकडं त्याचा अर्थ एकच होतो, सून वेगळी निघाली. एवढी केसं पांढरी झाली आणि एवढं कळू नये मला.

गोदा उठली, पदर झटकला, गेली.

वि. रा.

११ जाने., रवि.

गोदा बोलत नाही. काल नाही, आज नाही. आमच्या दोघींच्या अंगणांत एक तुराट्यांचा कूड, तिच्या बांगड्या इथं ऐकू येतात. एकाच वर्षी दोघी ह्या गावात नांदायला आलो. भांडलो पुष्कळ वेळा, पण अबोला कधी धरला नव्हता. भांडताना दोघींना दम लागायचा आणि चहा व्हायचा.

गंमत म्हणजे दूध येतंय. सकाळी चंद्रीच्या दुधाचा तांब्या कुडावरून येतो, उंबऱ्याशी ठणकन आदळतो. बाई मुकी, तांब्या बोलतो.

वि. रा.

१४ जाने., बुध. संक्रांत

वाटलं, आज तरी बोलेल. आज न बोलून सांगते कुणाला! वाटीत तिळगूळ घेऊन मीच गेले. ती जात्याशी बसली होती. म्हटलं, "घे, आणि गोड बोल."

तिळगूळ घेतला. तोंडात टाकला. चावून चावून खाल्ला, माझ्याकडं बघत. आणि परत दळायला लागली.

तिचा नवरा सखाभावजी ओट्यावरून म्हणाले, "वहिनी, आज सक्काळधरनं घरात कुनाशीच बोलली न्हाई. आमी लय सुखात हाय."

हसू आलं. घरी येईपर्यंत टिकलं नाही ते.

वि. रा.

१७ जाने., शनि.

कमल फुंकणी परत घेऊन आली. पदराखाली लपवून, जसं काही चोरीचा माल.

"मावशी, ठिवून घ्या ही. आत्याबाई धड जेवत न्हाईत."

म्हटलं, "खरं सांग, तुला वेगळं राहायचंय का? घर देते मी. कुणाला भ्यायचं कारण नाही."

"न्हाई वो. नऊ मानसांचा धूर हाय, पन हसायलाबी नऊ मानसं हायती. हितं एकली काय करू?"

पोर शहाणी आहे. पण ती गेल्यावर मनाला विचारलं: बाई, फुंकणी देताना कोपऱ्यात कुठं तसं होतं का? कमल इथं येईल, चूल पेटती राहील, असं? होतं. थोडं होतं. इथं लिहायला काय हरकत. चूल राखायच्या नादात दुसरीचं घर मोडलं असतं मी.

वि. रा.

२० जाने., मंगळ.

दि.चं कार्ड: 'शनिवारी येतो, रविवारी सकाळच्या गाडीने निघू. नवीन कुलूप आणतो.'

चुलीचा टवका बुजवला. वारुळाची माती, भुस्सा, थोडी राख, हातानं मळून. वर पोतेरं फिरवलं. नवी नवरी दिसायला लागली. रविवारपासून तिला कुणी फुंकणार नाही हे तिला कुठं माहीत.

कुडापाशी उभी राहून मोठ्यानं म्हटलं, "गोदे, चुकलं माझं!"

पलीकडं उखळात मुसळ चाललं होतं, ते जरा जोरात चालायला लागलं.

वि. रा.

२२ जाने., गुरु.

देव पावला. सकाळी भाकरी थापत होते, दारात सावली. गोदा. हातात फुटक्या मडक्याचं खापर.

"आक्का, इस्तू दे."

नवी नवरी म्हणून आली होती तेव्हा पहिल्या थंडीत अश्शीच उभी होती, असंच खापर घेऊन. मी पीठ भरल्या हातानं तशीच बसले. म्हटलं, "तुझ्या चुलीला काय झालं?"

"तिला काय हुतंय? दोन सुना हायत्या. मी आता ह्या चुलीवर चा करून पिनार."

"म्हणजे?"

"म्हंजे मीच येगळी हुते! फुंकनी कुठं हाय? सुनंला देतीस व्हय गं? मला काय फुंकाया येत न्हाई?"

"आणि सखाभावजी?"

"त्यास्नी कुनी इचारलंय? चा दिसंल तिकडं येत्याल."

"मग इथंच राहणार तर खापर कशाला आणलंस?"

खापराकडं बघितलं तिनं. "मागाया मोकळ्या हातानं कसं यायचं?"

मग मी विचारलं, तेरा दिवस तोंड का शिवून घेतलं होतंस. वैलावरचं दूध बघत राहिली. म्हणाली, "बोलले असते तर रडले असते. तू चाललीस ते मला गोड मानून घेता येईना. रागाला कायतरी निमित्त पायजे हुतं, ते तूच दिलंस."

दूध उतू गेलं. दोघींपैकी एकीनंही उचललं नाही.

वि. रा.

२४ जाने., शनि.

दिनकर आला. पोट सुटलंय त्याचं, बरं दिसतं. कुलूप दाखवलं, चांगलं जड. गोदानं त्याच्या हातातून काढून घेतलं, "ऱ्हाऊ दे, चंद्रीच्या गोठ्याला लावते."

तिचं बोचकं आलं, जातं आलं, मागून भावजी खाट घेऊन आले. कमल कुडापलीकडं उभी राहून तोंडाला पदर लावून हसत होती. नऊ माणसांची सात झाली, तिचा धूर तेवढा कमी.

दि.नं हळूच विचारलं, "मावशी, राहाल ना पण? का चार दिवसांनी परत तिकडं?"

"सुना बलवाया येईस्तोवर हाय."

"आणि आल्या बोलवायला तर?"

"मग बघू. मानानं बलवलं तर जावं लागतंय की रं."

म्हणजे धड हो नाही, धड नाही नाही. गावात पैजा लागल्यात. कुणी चार दिवस म्हणतं, कुणी होळीपर्यंत. मी कुणाच्याच बाजूनं नाही.

राखेत निखारा आज दोघींनी मिळून पुरला. वि. रा.

२५ जाने., रवि. (गाडीत लिहितेय, अक्षर हलतंय)

पहाटे मी उठायच्या आत गोदा चुलीपुढं. मला हात लावू दिला नाही. "तू पावनी. बस गप." माझ्याच चुलीपुढं मी पाटावर पाहुणी. बसून चहा पिण्यात सुख असतं हे इतक्या वर्षांनी कळलं.

पितळी फुंकणी तिच्या हाती नवी. इतक्या जोरात फुंकली की सगळी राख माझ्या तोंडावर. दि. हसला, ती हसली, मी हसले. लिंबोणीला, मांजरीला, भिंतीला, सगळ्यांना सांगून झालं. निघताना वळून बघितलं तर चष्म्यावर राख. काही दिसलं नाही, नुसती कौलांतून निघणारी धुराची रेघ. पुष्कळ झालं.

शिरवळला एस.टी. मिळाली. नीरा मागं राहिली. साताऱ्याला भजी खाल्ली. कराडला दि. म्हणाला, "आई, ही कृष्णा. ही येणार आता आपल्याबरोबर मिरजेपर्यंत." म्हटलं, येऊ दे, सोबत होईल.

२८ जाने., बुध., मिरज

सून शालननं माझ्यासाठी खिडकीजवळची जागा केलीय. नात मिनी दिवसभर पायात. ऊन इथलं जास्त, माणसं मोकळी. भाजीवाली बोलते त्यातलं निम्मं कानडी. ती मला 'आज्जी' म्हणते, भाजी चांगली निवडून देते.

शेजारच्या घराच्या गच्चीवर हे एवढाले भोपळे वाळत घातलेले. शालनला विचारलं, "लग्न आहे का गं त्यांच्याकडं? एवढ्या भाजीला किती माणूस लागेल?" ती हसून हसून बसली. तंबोरे करतात म्हणे त्यांचे. दुपारी एक तार जुळत असते, झोप छान लागते.

एक जिंकले. येताना डबाभर राख आणली होती, चुलीतली. शालन म्हणाली, "आई, इथं राख कशाला?" काल तिचा जळका तवा त्या राखेनं घासून दिला. आरशासारखा. आज सकाळी डबा तिनं स्वतःच मोरीजवळ मांडून ठेवला.

गॅस काडीनं पेटतो, कळ फिरवली की विझतो. राखायचं काही नाही. निजताना वही उघडली, पुढं लिहायचं काय ते कळेना. मिटली.

३ फेब्रु., मंगळ.

परवा डोळ्याचं ऑपरेशन. भीती नाही. फक्त पट्टी बांधली की चार दिवस लिहिता येणार नाही, म्हणून गोदाला कार्ड आजच टाकते. वाचेल कमलच. आधी इथं उतरवून बघते, कार्डावर जागा थोडी.

'चि. सौ. कमल हिस अनेक आशीर्वाद. हे तुझ्या आत्याबाईंना मोठ्यानं वाचून दाखव. आधी सांग, त्या कुठं बसून ऐकतायत? आमच्या घरात का तुमच्या? मी रागावणार नाही. तू मानानं बोलवलं असशील आणि त्या गेल्या असतील, तर चांगलंच केलंस दोघींनी. भावजींना चहा वेळेवर मिळतो ना? चंद्रीचा गुडघा? मांजरी व्याली का, किती पिल्लं? इथं सगळे प्रेमळ आहेत, माझं उत्तम चाललंय. गोदे, तार जुळताना ऐकू येते तेव्हा तुझं जातं आठवतं. उन्हाळ्यात ये, भोपळे दाखवते. कमल, मला बाकी काही नको. उलट टपाली दोन ओळी लिही. वि. रा. का?'

शेवटचं सवयीनं गेलं हातून. कमलला काय कळणार. पण खोडलं नाही.