साहेबांच्या गाडीचे नवे स्पीकर

प्रिय श्वेताताई,

माझं पत्र बघून तू आधी दचकशील, मग हसशील. मराठीत काठावर पास झालेला माणूस पत्र लिहून राहिला. फोनच केला असता, पण तू फोन स्पीकरवर टाकून पोळ्या लाटतेस आणि शेजारी तुझ्या सासूबाई असतात. रविवारी बाबा तुला आणि बाळाला आणायला मौद्याला येणार आहेत ना, त्याबद्दल लिहायचंय. मी जरा इकडेतिकडे जाईन, सांभाळून घे.

सध्या नागपुरातच, सदरमध्ये, गाड्यांच्या म्युझिक सिस्टिमच्या दुकानात टिकलो आहे. रायपूरला ढाबा झाला, हैदराबादला वायरिंग शिकलो, मधे विशाखापट्टणमला काहीच न करता समुद्र बघत बसलो. तिथली कुत्री मासे कशी पळवतात ते तुला एकदा सांगायचंय. असो. मागच्या आठवड्यात बाबा साहेबांची गाडी घेऊन आमच्या दुकानात आले. तीच नवीन. इतकी मोठी आणि मऊ, की दार लावलं की सगळं नागपूर बाहेर राहतं. बाबांनी शरच्चंद्र साहेबांना पटवलं होतं की कंपनीचे स्पीकर बेकार आहेत, आवाज दबलेला येतो, शब्द कळत नाहीत. साहेबांना गाण्यातलं काही कळत नाही, ते मागे बसून फोनवर बोलत असतात. इतकी वर्षं माझी गाडी चालवून राहिलेले आमचे ड्रायव्हर रुपराव म्हणतात, तर बदलून टाका म्हणाले.

मी दारं उघडून स्पीकर काढले. आमचे मालक रविंद्रभाऊ मला बाजूला घेऊन म्हणाले, "अबे, हे तर ठणठणीत आहेत. काहून बदलून राहिला तुझा बाप?" मलाही कळेना. पण गिऱ्हाईक बदल म्हणालं की बदलायचं. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून दारांना आतून जाड शीट लावल्या, खाली मोठे स्पीकर बसवले, वर बारीक आवाजाचे छोटे. बाबा स्टूल टाकून समोरच बसलेले. येईल त्याला सांगत होते, "माह्या पोरीले आणाचं हाय याच्यात. लग्नात बिचारी मेटॅडोरमधी गेली." आणि मला, "नीट लाव गा. नातू झोपला पाह्यजे गाण्यावर."

मग तपासणी. आम्ही जाड आवाजापासून बारीक होत जाणारा एक सूर वाजवतो, काही खडखडत असेल तर कळतं. बाबांना स्टिअरिंगवर बसवलं, मी शेजारी. सूर चढत गेला, बाबांची मान डोलत होती. अर्ध्यात थांबली. "बंद पडलं का गा?" म्हणाले. तेव्हा गाडीत नुसती किंकाळी चालू होती, बाहेर रविंद्रभाऊंनी कानांवर हात ठेवले होते.

आई मागे म्हणाली होती, तुझा बाप आजकाल माझ्याशी बोलतच नाही, आणि आपण दोघं हसलो होतो. गाडी आत घेताना मी आतला आरसा सरळ केला होता, तो बाबांनी येऊन परत खाली वाकवला होता. तसा ठेवला तर त्यात मागचा रस्ता दिसत नाही, मागे बसलेल्याचं तोंड दिसतं. साहेब काय म्हणतात ते बाबा आरशात बघून ओळखतात, ताई. किती दिवसांपासून, कोणास ठाऊक.

मी बटण बंद केलं. बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि मला कळलंय हे त्यांना कळलं. स्टिअरिंगवरून हात फिरवत बसले. मग हळू म्हणाले, "साहेबांले सांगू नको. श्वेताले घरी आणतो, मंग सोडून देतो गाडी. तवरिक चालू दे." मी हो म्हणालो. संध्याकाळी त्यांच्यासोबत रामदासपेठेपर्यंत गेलो. मागे अॅम्ब्युलन्स ओरडत होती, शीट लावलेल्या दारांतून बारीक का होईना, मला ऐकू येत होती. बाबा सरळ चालले होते. मी त्यांचा हात धरला तेव्हा गाडी बाजूला घेतली आणि म्हणाले, "ही कुठून आली एकदम?"

कानाच्या डॉक्टरकडे मी त्यांना नेईन, मशीन मिळतं म्हणतात. साहेबांना मात्र त्यांनी स्वतः सांगावं, ते मी त्यांच्याकडून हिसकावून घेणार नाही. पण रविवार त्याच्या आधी येतो, आणि मौद्याचा रस्ता ट्रकांचा आहे. ताई, त्या गाडीत बसू नको. फोन करून येऊ नका म्हणशील, तर ते न ऐकता हो हो म्हणतील आणि निघतील. म्हणून तू शनिवारीच ये, भाऊजींना घेऊन, बसने, त्यांनी निघायच्या आधी. बाळंतिणीला बसमधून बोलावतोय, मला समजतं, पण दुसरं काही सुचत नाही. रविवारी गाडी काढू नका म्हणून मी सांगून बघितलं, तर म्हणाले तू कोणत्या गावी टिकलास ते सांग आधी. तुझं ऐकतात. साहेबांनी शनिवारपासूनच गाडी घरी न्यायला दिली आहे; आलीस की ते अंगणात ती पुसत असतील, तुझ्याकडे पाठ असेल. मागून हाक मारू नको. फिरून समोर जा, तुझं तोंड त्यांना नीट दिसू दे, आणि मग सांग.

तुझाच,
सुशील