चौदाचा बोल्ट, पंधराचं सॉकेट

२४ जानेवारी, रविवार दुपार

प्रिय बारक्या,

अनेक आशीर्वाद. आम्ही तिघंही आपापल्या जागी ठीक आहोत. आईचा गुडघा थंडीने कुरकुरतो, आणि गुडघा थांबला की आई कुरकुरते. बाबा जेवून आडवे झालेत. आज गॅरेज बंद, म्हणून मी पुढच्या खोलीत दार लोटून लिहायला बसले आहे.

फोन का नाही केला, असं विचारशील. फोन केला की बाबा शेजारी येऊन बसतात, 'स्पीकरवर टाक' म्हणतात, आणि मग मी तुझ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारते. तू तर तिसऱ्या मिनिटाला कुणाला तरी 'येतोच, येतोच' म्हणायला लागतोस. कागदाला स्पीकर नसतो.

तू विचारलं आहेस, 'ताई, त्या स्प्लाइन पान्यांचा आणि सॉकेटचा मोठा सेट मिळतोय, बाबांसाठी घेऊ का? मी पाठवलेला छोटा त्यांना फार आवडला म्हणाले. घेण्यासारखी वस्तू आहे ना?' एवढ्याशा प्रश्नाचं उत्तर मी आठवडाभर दिलं नाही, म्हणून परवा तू नुसतं प्रश्नचिन्ह पाठवलंस. बघितलं मी ते. तुला ऑफिसात कुणी असं प्रश्नचिन्ह पाठवलं तर तू काय करतोस, ते एकदा कळव.

तर आधी धंद्याचं उत्तर. आपल्या साध्या सॉकेटच्या टोपीत आत सहा कोपरे असतात, नटाच्या सहा कोपऱ्यांसाठी. स्प्लाइनच्या आत गोलसर दाते असतात. ते नटाला कोपऱ्यावर पकडत नाहीत, बाजूंवर पकडतात. त्यामुळे एकच सॉकेट षटकोनी नटाला बसतं, चौकोनी डोक्याला बसतं, नव्या गाड्यांना चांदणीच्या आकाराचे बोल्ट येतात त्यांनाही बसतं. आपल्या जुन्या कॉम्प्रेसरचे नट सुताच्या, म्हणजे इंची मापाचे, तुला आठवत असेल, एक सैल करायचा तर शिव्यांचा अख्खा पाढा म्हणावा लागायचा. त्यातल्या चार सुती, म्हणजे अर्ध्या इंची नटाला तुझं तेरा मिलिमीटरचं सॉकेट बिनबोभाट बसलं. आणि कोपरे गोल झालेला नट, जो साध्या पान्याला दाद देत नाही, तो याने निघतो. त्याबद्दल त्याला पैकीच्या पैकी गुण.

पण जो सगळ्यांना बसतो तो कुणालाच घट्ट बसत नाही. योग्य मापाचं असलं तरी ते नटावर जरासं हलतं. गंजून बसलेल्या नटावर अंगातलं सगळं बळ लावायचं असेल तर मी आजही सहा कोपऱ्यांचंच उचलते. तेव्हा उत्तर असं, की असावा एक सेट, पण खालच्या कप्प्यात. साधं हरलं की काढायचा. रोज त्यानेच काम करणाऱ्याला मी मेकॅनिक म्हणणार नाही.

झालं तुझं उत्तर. शहाणी मुलगी असते तर इथेच 'बाकी सर्व ठीक' लिहून मोकळी झाले असते.

बारक्या, तुझ्या त्या सेटने माझा जीव खाल्ला आहे. घरचं झालं थोडं, अन् व्याह्यानं धाडलं घोडं! मला राग आलाय आणि तो तुझ्यावर आलाय, हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना 'ताईला काय झालं' असं म्हणत डोकं खाजवायला नको.

लहानपणी आपण बाबांचे डोळे टॉवेलने बांधायचो आणि हातात नट ठेवायचो, आठवतं? अंगठा एकदा फिरवला की 'बारा'. पुढचा, 'सतरा, पण घासलेला'. कधी चुकले नाहीत. आता त्या अंगठ्याला काही कळत नाही. तुला साखर माहीत आहे, गोळ्या माहीत आहेत. साखरेने त्यांच्या बोटांतली जाण नेली, हे तुला माहीत नाही. तू मागे आलास तेव्हा ते कप दोन्ही हातांनी धरत होते, आणि तू म्हणालास, 'बाबा, एवढी थंडी वाजते?' ते हसले. मी स्वयंपाकघरात निघून गेले.

डोळ्यांचंही तेच. मोतीबिंदू असता तर काढून टाकला असता. डॉक्टर म्हणाल्या, आतला पडदा गेलाय, आहे तेवढं टिकवायचं, गेलेलं येणार नाही. दवाखान्यातून बाहेर पडताना बाबांची पायरी चुकली आणि वर ते मलाच म्हणाले, 'बारक्याला कळवू नकोस, त्याला तिथे काम असतं.' आईचं वेगळंच. ती म्हणते, 'त्यांच्या हातातला पाना काढून घेतलास तर माणूस खचेल. तू आहेस ना बघायला?'

मी आहे ना बघायला. तेच करतेय. बाबा चहाला आत गेले की मी त्यांनी आवळलेला प्रत्येक बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा तपासते. तो पाना हवा तेवढा जोर लागला की टक् करतो, आणि तो आवाज आत जाऊ नये म्हणून मी रेडिओ मोठा करते. त्यांनी गोल केलेले नट बदलते. जुने नट खिशात घालून घरी आणते आणि तिसऱ्या गल्लीतल्या भंगारवाल्याला देते, आपल्या भंगारात दिसायला नकोत म्हणून. सासुरवास बरा, अशी ही चोरटी नोकरी आहे. ज्यांनी मला आवळायला शिकवलं, त्यांचंच सोडवायचं आणि परत आवळायचं!

तरीही चाललं होतं. कारण साधं सॉकेट नटावर नीट फिरवून बसवावं लागतं, ते त्यांना जमेना, आणि ते आपणहून मागे सरत होते. ब्रेकचं काम आलं की म्हणायचे, 'तू कर, मी तोवर हवा बघतो.' मला वाटलं, होईल हळूहळू. कुणाला काही बोलावं लागणार नाही.

आणि तेवढ्यात तुझं पार्सल आलं.

स्प्लाइनला नीट बसवावं लागत नाही. कसंही टेकव, जरा हलवलं की दाते धरतात. बाबांचं वय दहा वर्षांनी उतरलं. शीळ घालायला लागले. तुला फोनवर म्हणाले, 'पोराने माझा हात परत आणून दिला.' तू खूश झालास. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला शेळ्या गुणीच वाटतात. दुसऱ्या दिवसापासून ते परत ब्रेकला हात घालायला लागले.

आता खरी मेख ऐक. साधं सॉकेट एक नंबर मोठं लागलं तर ते खडखडतं, आंधळ्यालाही कळतं की चुकलं. पण स्प्लाइन बरोबर मापाचं असलं तरी थोडं हलतंच. त्यामुळे बाबांना बरोबर आणि चूक यातला फरक कळेनासा झाला. मोठं सॉकेट जरा धरतं, मग जागच्या जागी घसरतं, आणि त्यांना वाटतं, बसला घट्ट.

मंगळवारी मी गॅरेजमध्ये नव्हते. का नव्हते ते सांगते, जरा दम धर.

त्या दिवशी मागच्या गल्लीतल्या नर्सबाईंची गाडी आली, पुढचे ब्रेक पॅड बदलायला. बाबांनी बदलले, गाडी दिली. बुधवारी सकाळी बाई ड्युटीवरून परस्पर गॅरेजमध्येच आल्या. 'डाव्या चाकात काहीतरी खडखडतंय हो. उतारावर तर मी पहिल्या गिअरमध्येच आले.' चाक काढलं तर ब्रेकचा खालचा बोल्ट बोटांनी फिरत होता. चौदाचा बोल्ट, आणि डोक्याचे कोपरे घासून चकचकीत झालेले. बाबांच्या ट्रेमध्ये रॅचेटच्या दांडीवर पंधराचं सॉकेट तसंच चढवलेलं होतं.

बाई रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, 'तुम्ही काल नव्हता ना?' म्हणजे गल्लीलाही माहीत आहे. फक्त तुलाच माहीत नाही, आणि ते माझ्यामुळे. तिथून मला स्वतःचाही राग यायला लागला.

दोन दिवस मी घरात भांडी आपटत फिरले. शुक्रवारी शटर ओढल्यावर तो बोल्ट बाबांच्या हातात ठेवला.

'कितीचा आहे?'

त्यांनी अंगठा फिरवला. मग दुसऱ्या हाताचा अंगठा फिरवला. 'पंधरा.'

'चौदा. नर्सबाईंच्या ब्रेकचा. सैल होता.'

ते बोल्टाकडे बघत राहिले, म्हणजे तोंड तिकडे होतं. मला वाटलं, आता चिडतील, किंवा रडतील. दोन्हीची तयारी करून मी उभी होते. त्यांनी विचारलं, 'तू तपासली नाहीस?'

मी म्हटलं, 'तुम्हाला माहीत होतं?'

'अगं, रेडिओ उगाच मोठा होतो का? मी चहाला उठलो की मोठा, आलो की बारीक. तू मागून हात फिरवतेस म्हणून तर मी ब्रेकला हात घालतो. नाहीतर मी काय वेडा आहे? लोकांची लेकरंबाळं बसतात त्या गाड्यांत. मंगळवारीही मी चहाला गेलो तेवढ्यात तू येऊन बघून गेलीस, असंच धरून चाललो मी.'

बारक्या, मला त्या क्षणी त्यांना मिठी मारावीशी वाटली आणि ट्रे उचलून भिंतीवर आपटावासा वाटला. मी त्यांचा मान राखायला चोरून तपासत होते, आणि ते माझ्या चोरीच्या भरवशावर आवळत होते. तू आमच्या दोघांच्या भरवशावर पार्सलं पाठवत होतास. आई सगळ्यांच्या भरवशावर गप्प. आणि नर्सबाई उतारावर.

'मंगळवारी कुठे गेली होतीस?' बाबांनी विचारलं.

तर आता तुलाही सांगते. बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये नव्या मेकॅनिकांना शिकवायची जागा निघाली होती. मी घरी 'पार्ट आणायला जाते' सांगून मुलाखतीला गेले. त्यांनी मला एक इंजिन दिलं, सहा जण समोर उभे केले आणि म्हणाले, शिकवा. मी शिकवलं. इतकं बरं वाटलं रे, की परत येताना माझा स्टॉप मागे गेला. कुणाच्याही पाठीमागून काही न करता, भर उजेडात, मोठ्या आवाजात सांगायचं, हा बोल्ट असा आवळायचा. त्यांनी मला घेतलं आहे.

हे सगळं मी बाबांना असंच सांगितलं. त्यांनी विचारलं, 'मी शिकवतो तसंच शिकवलंस?' म्हटलं, 'तसंच.' त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, 'मग ब्रेकची कामं बंद.' थोड्या वेळाने म्हणाले, 'मग सगळंच बंद. तू नाहीस तर मी कशाच्या जोरावर हात घालू?'

मग त्यांनी तुझा सेट पुसायला घेतला. एकेक सॉकेट कपड्याने पुसून डबीतल्या खाचेत ठेवत होते. दहाचं अकराच्या खाचेत, सोळाचं चौदाच्या. बसत नव्हतं ते दाबून बसवत होते. मी नेहमीसारखा हात पुढे केला नाही. उभी राहून बघत राहिले. डबीचं झाकण लागलं नाही, तशीच त्यांनी ती कपाटात ठेवली.

आई माझ्याशी बोलत नाही. तिच्या मते मी बाबांना घरी बसवलं. मी तिला उलट बोलले नाही, कारण तिचं खोटं नाही. पण उद्या कुणाचा ब्रेक लागला नाही, तर ते कुणी केलं असं म्हणणार होती ती?

मोठा सेट घेऊ नकोस. कितीही चांगला असला तरी नको. मला तू हवा आहेस. मी एक तारखेला कामावर हजर होणार आहे, होकार कळवून टाकला. त्या सकाळी बाबा सवयीने उठतील, चपला घालतील आणि शटर वर करतील. ते सगळंच बंद म्हणाले खरे, पण मी त्यांना ओळखते. कुणीतरी ओळखीचं गाडी घेऊन उभं राहील आणि म्हणेल, 'काका, एवढं जरा बघता का?' बाबांना आयुष्यात कुणाला नाही म्हणता आलेलं नाही. ते बघायला वाकतील. त्या वेळी त्यांच्याशेजारी उभं राहून गाडीवाल्याला 'नाही' म्हणणारं माणूस लागेल, आणि ते मी नसेन. गॅरेज भाड्याने द्यायचं, विकायचं, की दुसरा मेकॅनिक ठेवायचा, हे नंतर आपण दोघं बसून ठरवू. रजा मिळत नाही, हे मला लिहू नकोस. ते त्यांना लिही, म्हणजे मला त्यांना ते वाचून दाखवता येईल. त्यांना आता वाचता येत नाही.

पत्राच्या शेवटी 'काळजी नसावी' असं लिहितात. मीही तुला आजवर तेच लिहीत आले. या वेळी लिहीत नाही. बारक्या, काळजी असावी. निम्मी तरी.

तुझी,
ताई