उजवा रकाना

३ जून, सोमवार

ठक्! ठक्!

मास्तरांचा डस्टर टेबलावर. आज सकाळी दात घासताना अगदी कानाशी ऐकू आला — इतक्या वर्षांनी! पहिली ठक् मुलांची, दुसरी मुलींची. मुलं डावीकडच्या बाकांवर, मुली उजवीकडच्या. पहिली ठक् पडली की आम्ही छत उडेल असे ओरडायचो —

कोण लावितो दिवे नभी हे, कोण मोजतो तारे?
कोण सांगते पानांना की आले, आले वारे?

मास्तरांची स्वतःची कविता. कुठल्या पुस्तकात नाही, कुठे छापलेली नाही. चार कडवी, प्रश्न मुलांनी विचारायचे, उत्तरं मुलींनी द्यायची. माझ्याकडे प्रश्न सगळे शाबूत. उत्तरं? एकही नाही! मुलींची पाळी आली की आम्ही पुढच्या आरोळीसाठी दम घेत बसायचो. ऐकतंय कोण!

मास्तर कधीच गेले. आता मी गेलो की ही अर्धी कविताही जाणार. निदान आहे तेवढी देखणी लिहून ठेवावी. सूनबाईच्या कॉम्प्युटरवर. तिचं लिफ्टदुरुस्तीचं ऑफिस घरातच, पण दुपारची ती कामं बघायला बाहेर असते.

४ जून

कॉम्प्युटरने कडव्यांना आपल्या मनाने आकडे लावले. खोडले — पुन्हा लावले! किराणा मालाची यादी वाटली काय रे तुला?

सूनबाई म्हणाली, "बाबा, रोज त्याच्याशी भांडण्यापेक्षा एकदाच साचा करून ठेवा. समास, अक्षर, ओळींतलं अंतर, सगळं त्यात ठरवून टाकायचं. नवं पान उघडलं की तयार!"

साचा! मास्तर वृत्ताबद्दल हेच म्हणायचे. साचा पक्का हवा, मग शब्द खुशाल ओता. आणि समास! वहीत समास सोडला नाही म्हणून किती पट्ट्या खाल्ल्या या हाताने. आता एका बोटाने हवा तेवढा सोडतो. घ्या मास्तर!

७ जून, शुक्रवार

जमलं! जमलं!! आकडे बंद. अक्षर टपोरं. ओळी अशा सुटसुटीत की मधून वारा जावा. आणि प्रत्येक पानाच्या तळाशी, बारीक राखाडी अक्षरांत, कवितेच्या पहिल्या दोन ओळी — आपोआप!

साचा साठवताना यंत्राने विचारलं, "हाच साचा नेहमीसाठी ठेवायचा का?" इतक्या अदबीने हल्ली मला कोण विचारतं? हो म्हटलं.

मग त्या साच्यातून पहिलं पान काढलं आणि मधोमध दुभागलं. डावा रकाना मुलांचा, उजवा मुलींचा. अगदी वर्गातल्यासारखा. डावा भरला. उजव्यात नुसती काडी लुकलुकते आहे.

९ जून

गोट्याला फोन केला. "अरे, मला सगळी पाठ आहे!" म्हणाला आणि धडाधड म्हणून दाखवली. प्रश्न, प्रश्न, प्रश्न, प्रश्न! मग लंबूला लावला. तेच. सगळे डावीकडच्या बाकांवरचे!

"मुलींपैकी कुणाचा पत्ता आहे का रे?" विचारलं तर गोट्या खिदळला. "आता? या वयात?" गाढव. चौथीत होता तस्साच आहे.

पण खरंच, शोधायचं कुठे? लग्नं झाली, आडनावं बदलली. असतील तरी का सगळ्या?

१२ जून, बुधवार

घोटाळा!!

सूनबाई दारातूनच ओरडली, "बाबाऽऽ!" एका सोसायटीतून तिला फोन आला होता. "म्हणे, लिफ्टच्या अंदाजपत्रकाखाली हे 'कोण लावितो दिवे' काय आहे? जिन्यातल्या लाईटचं बिल आमच्या माथी मारताय का?"

नेहमीसाठी म्हणजे तिच्याही कागदांना! शुक्रवारपासून जे जे बाहेर गेलं, त्या सगळ्याखाली मास्तरांची कविता. "तरीच म्हटलं अक्षर मोठं कसं दिसतंय," ती म्हणाली. "मला वाटलं चष्म्याचा नंबर उतरला! लोक विचारतील, ही बाई लिफ्ट दुरुस्त करते की कविसंमेलनं भरवते?"

मी खजील. रागावता रागावता तिलाच हसू फुटलं म्हणून वाचलो. म्हटलं, बिघडवलं मी, निस्तरणारही मीच.

१३ जून

फत्ते!

आता साचे दोन. माझा वेगळा, तिचा वेगळा. तिच्या साच्यात वर ऑफिसचं नाव ठसठशीत, खाली पत्ता, तारीख आपोआप, कामाचा तक्ता आखून तयार, शेवटी सहीला जागा. इतके दिवस ती जुन्याच अंदाजपत्रकातला मजकूर नव्या पानावर उतरवून गिऱ्हाइकाचं नाव बदलायची. एकदा बदलायचं विसरली आणि एकाचा कागद दुसऱ्याला गेला! आता ती भीतीच नको.

"बाबा, हे तुम्ही केलंत?"

"नाही, भुताने केलं!"

संध्याकाळी मैत्रिणीला फोनवर सांगत होती, "आमच्याकडे आता टेम्प्लेट खात्याचे प्रमुख आहेत." कॉलर ताठ केली असती. बनियनवर होतो.

१६ जून, रविवार

कवितेचं पान छापलं, भिंतीला लावलं. काय देखणं दिसतंय! निम्मं.

१८ जून, मंगळवार

दुपारी बेल वाजली. दारात माझ्याच वयाच्या एक बाई. केस पांढरेशुभ्र, हातात काठी, दम लागलेला.

"आमची लिफ्ट बंद. सगळे जिने उतरून आले."

म्हटलं, "सूनबाई बाहेर गेली आहे, संध्याकाळी—"

"माझं काम तिच्याकडे नाही." त्यांनी पिशवीतून एक कागद काढला. आमचंच अंदाजपत्रक, सोसायटीच्या फळ्यावरून काढलेलं, टाचणीच्या भोकासकट. तळाच्या ओळींवर बोट ठेवलं. "हे कुणी लिहिलं?"

मी स्वतःच्या छातीवर हात ठेवला.

बाईंनी मला खालीवर न्याहाळलं. मग उंबऱ्याबाहेरच ताठ उभ्या राहिल्या आणि काठी फरशीवर आपटली — ठक्!

"ही दुसरी," म्हणाल्या. "मुलींची."

'आत या' म्हणायचंही राहून गेलं. या वेळी मी ऐकलं. एकेक अक्षर.

ज्याला कळली हाक, तयाने दार उघडुनी यावे;
ज्याचे उत्तर त्याला मिळते, थोडे थांबत जावे.