गुरुवारची सव्वादहाची वेळ

३ मार्च

चि. भाचीबाईस अनेक आशीर्वाद. वि. वि.

दवाखान्याची वेळ घ्यायचं, तू केलेलं ते पान कॉम्प्युटरवर उघडलं. अक्षरं दिसतात का एवढंच बघा म्हणालीस. अक्षरं झकास! मी तर पुढे जाऊन डोळ्यांचे डॉक्टर दाबले, गुरुवार दाबला, सव्वादहा दाबले. हिरवी खूण येऊन वेळ पक्की झाली. म्हटलं, पोरीनं नाव काढलं.

गुरुवारी मी आणि तुझी मामी दोन तास बाकावर. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, यादीत नाव नाही. मी त्यांना चांगलं झापलं, की पान माझ्या भाचीचं आहे, चूक तुमचीच. मोतीबिंदू आहे तिथेच आहे. या बाईंची तक्रार कुठे करायची ते कळव.

तुझा, बसून बसून कंबर धरलेला,
मामा

८ मार्च

ती. मामांस सा. न.

तक्रार माझी करा. त्या पानामागे काहीच नाही, मामा. भाषणाच्या वेळी पडद्यावर स्लाइडी दाखवतात ना, त्याच सॉफ्टवेअरमध्ये मी साठ स्लाइडी केल्या. बटणाच्या चित्रावर न दिसणारी चौकट ठेवली. ती दाबली की पुढची स्लाइड येते, बस. चालतो तो एकटा गुरुवार.

नमुना इतका हुबेहूब झाला की आमचे साहेबही फसले. एक तारखेपासून सुरू करतो, असा दवाखान्याला शब्द देऊन बसलेत. मी दोनदा सांगायला गेले; चालताना दिसतंय की, साहेब म्हणाले. तिसऱ्यांदा तोंड उघडायचं त्राण नाही. सोमवारी अकराला दवाखान्याची माणसं बघायला येतील. बोलले तर नोकरी जाईल. नाही बोलले तर काय, ते तुम्हीच लिहिलंत.

मामीची माफी मागते.

तुमची दमलेली,
भाची

१२ मार्च

चि. भाचीबाईस आशीर्वाद.

रागावलो नाही. आधी पोटभर जेव. खिडकीतल्या बाईंची आजच माफी मागून आलो. आपण सांडलेलं आपणच पुसावं. त्या हसल्या, पण एक तारखेचं कळल्यावर मटकन खुर्चीत बसल्या. रोजच्या शिव्या त्यांनाच खायच्यात.

माझ्यासोबत मामी तरी होती. एखादी म्हातारी एकटीच येईल, तिनं काय करावं? हे गिळून तुला पचायचं नाही, मी ओळखतो.

तुझ्या तोंडून निघत नसेल तर नको निघू दे. सोमवारी अकराला मी तुझ्या ऑफिसात हजर. सगळ्यांदेखत बुधवार दाबेन आणि दाबतच राहीन. साहेब म्हणतील, आजोबा, गुरुवार दाबा. मग मी विचारेन, का हो?

मामीही येतेय, मी फार बोलू नये म्हणून.

आमचा लोभ नोकरीवर अवलंबून नाही, हे ध्यानात असू दे.

तुझा
मामा